गिअरबॉक्सखाली तेल दिसलं म्हणजे मागचं सील गेलंच असं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला साधारण असा: ‘गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेल टपकू लागलं, की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलं समजा. गिअरबॉक्स उतरवू नका. जाड २०डब्ल्यू-५० तेल भरा, लीक बंद करणारी बाटली ओता, काम झालं.’

सांध्याखाली तेल, म्हणजे मागचं सील?

तेल टपकतं एकीकडे, गळतं दुसरीकडेच. ते वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे रेटतो. कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. तिचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना करंट वाटणारा भाग), गॅरेजमधला डेल्को, सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची ओरिंग (रबरी कडं) उष्णतेने कडक झाली की तेल झिरपून बेल हाउसिंगवर (क्लच झाकणाऱ्या, इंजिनला लागून असलेल्या कवचावर) उतरतं आणि खालच्या कडेला थेंब धरतो. खालून बघणाऱ्याला हुबेहूब सील गेल्यासारखंच दिसतं. खर्च मात्र एका ओरिंगचा. डेल्को काढण्याआधी बॉडीवर आणि हेडवर खूण करा, नाहीतर स्पार्कचं टायमिंग हलेल.

टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंगही असंच फसवतं. तिथे बोल्ट आवळत बसू नका. पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. ऑइल प्रेशर स्विचची (तेलाच्या दाबाचा दिवा लावणाऱ्या स्विचची) वायर काढून बघा, टोपणात तेल असेल तर स्विच बदला. फिल्टर बदलल्यावर लगेच गळू लागलं असेल, तर जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिलीय का ते आधी तपासा.

शिवाय ते तेल इंजिनचंच कशावरून? गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तसा वास असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) सीलवर.

मग शोधायचं कसं?

आधी धुवा. चिखल-तेलाच्या थरावर निदान होत नाही. इंजिन थंड असताना डेल्को, कॉइल, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकने बांधा, डिग्रीजर फवारून १०-१५ मिनिटं ठेवा, ब्रश मारा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन १५ मिनिटं चालवा. काही दिसलं नाही तर १५-२० किलोमीटर फिरवून आणा. आता टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे उगम. खालच्या ओल्या जागा नुसत्या वाटेतल्या. तरीही पत्ता लागला नाही तर तेलात यूव्ही डाय (खास प्रकाशात चमकणारा रंग) घालून निळ्या टॉर्चने बघा. गाडीखाली जायचं तर रॅम्पवर किंवा स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट: ब्रीदर

जुन्या इंजिनात पिस्टन रिंगांना चुकवून वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतो. तो बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप कार्बनने तुंबला, की आत साठलेला दाब बरी सीलंही गळायला लावतो. पेट्रोल गाडी आयडलवर ठेवून तेलाचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ हातमोजा धरा. किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगला तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही फुगत असेल तर कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. हे न करता नवं सील बसवलं तर तेही गळणार.

जाड तेलाने गळती थांबते?

थेंब थोडे सावकाश पडतात, एवढंच. चिरलेलं पॅकिंग जाड तेलाने बुजत नाही. मॅन्युअलमध्ये तो ग्रेड असेल तर खुशाल भरा. पण ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलंय, त्यात थंडीच्या सकाळी स्टार्ट केल्यावर जाड तेल टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं. एका गळतीपायी कॅम (टॅपेट हलवणारा दांडा) घासून घेण्यात शहाणपण नाही.

आणि तेल गळण्यानेच कमी होतंय ना, हेही बघा. साधारण २० थेंबांचं एक मिलिलीटर. रात्रीत १० थेंब पडले तर महिन्याला जेमतेम १५ मिलिलीटर. डिपस्टिकवर हजार किलोमीटरला लिटरभर घट दिसत असेल, तर एकतर तेल जळतंय किंवा दाबाखालच्या जागेतून चालत्या गाडीतच उडतंय.

आणि बाटली?

हिच्यात थोडं तथ्य आहे. असली द्रव्यं कडक झालेलं रबर जरा फुगवून मऊ करतात, त्यामुळे किंचित पाझरणारं सील काही काळ थांबू शकतं. कॉर्कचं पॅकिंग, सिलिकॉनचा सांधा, आटे गेलेला ड्रेन प्लग यांवर तिचा उपयोग शून्य. गाडी विकायचीच असेल तर भाग वेगळा, आणि तोही फारसा सचोटीचा नाही.

वरचं सगळं कोरडं, ब्रीदर मोकळा, तरी बेल हाउसिंगच्या आतून इंजिन ऑइलच येतंय, जोडीला क्लच घसरतोय किंवा थरथरतोय: तेव्हा मागचं सील. गिअरबॉक्स उतरेलच, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी बघून घ्या. मजुरी दोनदा पडत नाही. क्रँकवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसू देऊ नका. जागा असेल तर एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवा, नाहीतर क्रँकवर स्लीव्ह (पातळ धातूचं वेष्टण) घाला.