दोन इंचांची उचापत

सोलापुरात गाडी जॅकवर चढली की सल्ल्याला तोटा नसतो. दुधाची पिशवी घेऊन चाललेला माणूससुद्धा थांबतो, वाकून बघतो आणि विचारतो, "काय बे, पाटे तुटले का?" या गाडीला पाटेच नाहीत, चारी बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत, असं सांगितलं की पाटे नसलेली ती कसली जीप, अशा नजरेनं तो पुढं सरकतो.

मारुतीच्या जिम्नीसारख्या, पुढं-मागं अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या गाडीला दोन इंच उंच करायचं, तर स्प्रिंग बदलायची; अर्ध्या दिवसाचं काम, असं दुकानदार सांगतो. खोटं नाही. चासी हॉर्सवर, म्हणजे लोखंडी घोड्यांवर घ्यायची, चाकं काढायची, ॲक्सलखाली जॅक देऊन शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे आणि ॲक्सल सावकाश उतरवायचा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. नजर फक्त ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ठेवायची. ॲक्सल होजवर लटकला की ब्रेकचा खर्च वेगळा. नवी स्प्रिंग बसवताना तारेचं टोक स्प्रिंग बसते त्या वाटीतल्या खाचेला टेकलंच पाहिजे. नाहीतर गाडी एका अंगाला कलते आणि वळणावर 'टक्' करते.

दुकानदार सांगत नाही ते पुढं आहे.

स्प्रिंग उंचीवर बघून घ्यायचीच नसते, वजनावर घ्यायची असते. लोखंडी बंपर, विंच, टपावरचं कॅरिअर यातलं काही नसताना जड स्प्रिंग घातली, तर अक्कलकोट रोडचा प्रत्येक खड्डा मणक्यात मोजता येतो. तारेची जाडी 10 टक्के वाढली की बाकी मापं तीच असताना कडकपणा 46 टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानं चढतो. बोटांना फरक कळत नाही, कंबरेला कळतो.

मग स्प्रिंगमागून येणारं बिल. दोन इंच उचललं की पुढचा ॲक्सल स्वतःभोवती फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा झुकाव, दोन-तीन अंशांनी कमी होतो आणि हायवेला स्टेअरिंग भरकटायला लागतं. म्हणून कॅस्टर दुरुस्तीचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे. ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड तिरका होऊन ॲक्सलला काही मिलिमीटर बाजूला ओढतो. म्हणून लांबी बदलता येणारा रॉड. होज आखूड पडतात, ते लांबवा. नवा शॉकअप लांब असेल तर बंप स्टॉपही, म्हणजे ॲक्सलला वर थोपवणारा रबरी अडथळा, वाढवावा लागतो. हे तपासायला स्प्रिंग काढून ॲक्सल जॅकनं बंप स्टॉपला भिडवायचा आणि शॉकअपमध्ये थोडी चाल शिल्लक आहे का ते बघायचं. नसेल, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतून ठोकला जातो.

पण खरी कटकट बुशची. बुशमधलं रबर दोन लोखंडी नळ्यांना चिकटलेलं असतं. ते सरकत नाही, पिळतं. गाडी हवेत असताना ॲक्सल चासीला जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट आवळले, तर चाकं टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दाबून हलवायची, मागं-पुढं ढकलायची, मग खाली शिरून मॅन्युअलमधल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळायचे. मे महिन्यात, 42 अंशांत, शहाबादी फरशीवर पाठ टेकून. मिस्त्रीला हा क्रम सांगितला की तो म्हणतो, "मालक, आम्ही वरच आवळतो, काय होत नाय." होतं ते नंतर होतं, आणि तेव्हा तो दुसऱ्या गाडीखाली असतो.

उंची जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा खोटं बोलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारी कोपरे, काम सुरू करण्याआधी आणि नंतर. नवी स्प्रिंग थोडी बसतेच, म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजायचं आणि तेव्हाच बोल्टही तपासायचे.

आता हे सगळं कशासाठी? पावसात उजनीकाठच्या काळ्या रानात गाडी रुतते ती बहुतेकदा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, टेकल्यावर. स्प्रिंगनं तो मिलिमीटरभरही वर जात नाही; तो मोठ्या टायरनंच जातो. स्प्रिंगनं वर जाते ती बॉडी. बांध ओलांडताना पोट घासत नाही, हा फायदा खरा. टायरचा विषय काढला की मात्र गिअरचा निघतो, आणि आरटीओचाही.

तोवर निदान गाडीबरोबर वर चढलेला हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. उसाच्या ट्रॉलीला मागं लाइट नसतो, त्यामुळं तुमचा उजेड रस्त्यावरच पडायला हवा. समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत पडून उपयोग नाही.