पापांची छाटणी

आमच्या घरी कोणी वयोवृद्ध 'पापा' राहायला आले असून आम्ही त्यांची अतिशय आबाळ करतो, अशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची बरेच दिवस समजूत होती. तिला कारण आमची उघडी गॅलरी. तिथून खाली ऐकू जाणारी वाक्ये साधारण अशी असत : "अहो, पापांना ऊन लागत नाहीये, सरकवा त्यांना." "पापांना या महिन्यात शेण घातलंत का?" "पापांच्या अंगावर मावा दिसतोय, जरा फवारा मारा." एवढे त्यांनी शेजारधर्म म्हणून ऐकून घेतले. पण ऑक्टोबरातल्या एका सकाळी "आज पापांना गुडघ्यापर्यंत कापून टाकतो" असे मी मोठ्याने म्हणालो, तेव्हा त्या वाटीभर साखर मागण्याच्या निमित्ताने वर आल्या आणि सगळ्या खोल्यांमधून नजर फिरवून, साखर न घेताच परत गेल्या.

पापा म्हणजे 'पापा मेयाँ' या जातीचा गुलाब. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने मला बारा लाल गुलाबांचा गुच्छ दिला होता. घरी आल्यावर आईने तो नाकाशी धरला आणि "फ्रिजमध्ये ठेवलेल्या काकडीसारखा वास येतोय" असे सांगून परत दिला. आईचे नाक खोटे बोलत नाही. दुकानातले गुलाब लांब दांडा, दूरचा प्रवास आणि फुलदाणीतले जास्तीत जास्त दिवस या हिशेबाने निवडलेले असतात. त्या हिशेबात वासाला कोणी जागा ठेवलेली नसते. म्हणून ज्याचा रंग काळपट लाल असेल आणि ज्याचा वास जिन्यापर्यंत जाईल, असा गुलाब आपण घरीच फुलवायचा, असा निश्चय मी भर उत्साहात केला. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात माणसाने कोणताही निश्चय करू नये, असे माझी पत्नी तेव्हापासून म्हणत आहे.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत ते रोप मिळाले. त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर 'पापा मिलन, हायब्रीड टी' असे लिहिलेले होते. विक्रेत्याने "साहेब, हा फुलला की अत्तर बंद करा" असे आश्वासन दिले. 'टी' हे अक्षर वाचून आईने दुसऱ्या दिवसापासून गाळणीतला चहाचा चोथा कुंडीत घालायला सुरुवात केली. आमच्याकडे चहात साखर आणि आले भरपूर असते, त्यामुळे पापांच्या आधी त्यांच्या पायाशी मुंग्यांची वसाहत बहरली. चीनमधून युरोपात गेलेले 'टी' गुलाब आणि तिथले दणकट बारमाही म्हणवणारे गुलाब यांच्या संकरातून हे कूळ निर्माण झाले, 1867 साली फ्रान्समध्ये आलेला 'ला फ्रान्स' हा त्यातला पहिला मानला जातो, हे सगळे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग चहा आवडत नाही का त्याला?"

कुळाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी मी पापांची चौकशी केली, फक्त ती लग्नानंतर केली. घराणे अत्यंत मोठे. पणजोबा 'क्रिमझन ग्लोरी', 1935 सालचे, जर्मनीच्या कोर्डेस यांच्याकडचे. त्यांचा नातू 'क्रायस्लर इम्पीरियल' 1952 साली अमेरिकेत आला. त्याचा 'शार्ल माल्राँ' नावाच्या काळ्या-तांबड्या फ्रेंच गुलाबाशी संकर झाला आणि त्याच जोडीपासून तीन नामांकित भावंडे निपजली : 1963 सालचे आमचे पापा फ्रान्समध्ये, आणि पाठोपाठ 'मिस्टर लिंकन' व 'ओक्लाहोमा' अमेरिकेत. हा गुलाब घडवणाऱ्या आलँ मेयाँ यांनी आपल्या आजोबांच्या नावाने या गुलाबाला 'पापा' म्हटले. 1988 साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत बसवले. इतके सगळे वाचून माझी छाती फुगली. मग पुढचे पान उलटले. तिथे लिहिले होते की हे घराणे भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आणि काळ्या ठिपक्यांना हमखास बळी पडते. खानदानी स्थळांचे आजार नेहमी दुसऱ्या पानावर असतात.

पहिली अडचण उन्हाची झाली. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन लागते. आमच्या गॅलरीत ते आठला येते आणि साडेदहाला समोरच्या बत्तीस मजली टॉवरच्या मागे निघून जाते. दुपारी एक वाजता ते त्या टॉवरच्या दुसऱ्या अंगाने बाहेर पडून आमच्या बेडरूमच्या ग्रिलमध्ये उतरते. साहजिकच बारा इंची कुंडी, ओल्या मातीसकट, रोज दिवाणखान्यातून बेडरूमकडे आणि संध्याकाळी परत, अशी पालखीसारखी निघू लागली. पंधराव्या दिवशी माझी कंबर धरली. डॉक्टरांनी "वजन काय उचललंत?" असे विचारल्यावर पत्नीने माझ्या आधी उत्तर दिले, "पापांना."

खताचे प्रकरण नाजूक होते. शेणखत मी लिफ्टमधून आणले, त्याबद्दल सोसायटीच्या फलकावर दोन ओळी लागल्या. त्यात नाव नव्हते, पण मजला होता. निंबोळी पेंडीचा वास चार दिवसांत अंगवळणी पडतो, निदान आमच्या पडला. खरी पंचाईत हाडांच्या चुऱ्याची. मुळे धरायला तो चांगला, असे सगळे सांगतात आणि आमच्या घरात अंडेसुद्धा कधी आलेले नाही. मी ती पिशवी 'सेंद्रिय' एवढाच शब्द दिसेल अशी दुमडून कपाटामागे ठेवली. आईने एकदा त्यातली चिमूटभर पूड बोटावर घेऊन, "रांगोळी का रे ही?" असे विचारले. मी हो म्हणालो. त्या दिवाळीत ती पिशवी मला दोनदा हलवावी लागली.

पाण्याचा वाद मात्र मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे. कुंडीतून झिरपलेले तांबूस पाणी खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडले. कुंडीखाली मी ताटली ठेवली. ताटलीत पाणी साचले. साचलेल्या पाण्यात डास होतील म्हणून मी ती रोज ओतू लागलो, आणि ती कुठे ओतायची याचा विचार न करता ओतू लागलो.

मग जून आला. ठाण्याच्या पावसाबद्दल ठाणेकरांना सांगणे नको. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात-एक तास ओले मिळाले की पुरते. ठाण्यात जून ते सप्टेंबर तिला रजाच नसते. आधी खालच्या पानांवर कडा विस्कटलेले काळे डाग आले, मग भोवतीची जागा पिवळी झाली, मग हात लावताच पाने गळू लागली. पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला, हा सल्ला मी तंतोतंत पाळत होतो. आभाळ पाळत नव्हते. जुनी छत्री बांधून झाली. टेबलफॅन लावून झाला. पापांसमोर पंखा आणि मी घामाने निथळत बाजूला, असे दृश्य पाहून वहिनींनी पत्नीला हळूच विचारले म्हणे, "अजून बरं वाटत नाही का त्यांना?" ऑगस्टअखेर कुंडीत चार काटेरी काड्या उरल्या आणि टोकाकडून त्याही काळ्या पडत खाली येऊ लागल्या.

पाऊस सरल्यावर छाटणी. बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, वर, अगदी पाव इंचावर, तिरका काप घ्यायचा, मेलेली काडी आतला गर हिरवट-पांढरा दिसेपर्यंत मागे कापत न्यायची आणि जखमेवर मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात कात्री हातात घेऊन मी अर्धा तास उभा होतो. पत्नी म्हणाली, "आता कापा, नाहीतर मी कापते," आणि मग मी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारले, ज्यामुळे साखरेची वाटी वर आली.

छाटणीपासून साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल येते. आमच्याकडे बावन्न दिवसांनी आले. ती कळी जवळजवळ काळी होती. उलगडत गेली तशी पाकळीच्या आत मखमल आणि त्या मखमलीत गडद रक्तवर्ण दिसू लागला. गुलाबाचे सुगंधी तेल सकाळच्या ऊबदार, स्थिर हवेत, फूल अर्धे उमललेले असताना सर्वात जास्त दरवळते आणि उन्हाने झपाट्याने उडून जाते. म्हणून रविवारी सकाळी आठला मी आईला, पत्नीला आणि ऐरोलीहून मुद्दाम बोलावलेल्या मुलीला गॅलरीत उभे केले. मी म्हणालो, "आता कोणी बोलू नका, नुसता श्वास घ्या."

सर्वांनी श्वास घेतला. त्याच क्षणी खालच्या मजल्यावर सुके बोंबील भाजायला घेतले होते.

तक्रार कुठल्या तोंडाने करणार? त्यांची चादर माझ्यावर बाकी होती. बोंबील संपून हवा निवळेपर्यंत ऊन टॉवरच्या कडेशी पोचले होते. आईने तरी फुलात नाक खुपसले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. "हा आहे," एवढेच म्हणाली. दुपारपर्यंत पाकळ्यांच्या कडा उन्हाने करपून काळ्या झाल्या. गडद लाल फुलांचे हे नेहमीचे दुखणे आहे.

दुसऱ्या वर्षी पापांना काय मानवले कोण जाणे! जुलैच्या धो-धो पावसातही बुंध्यापासून हिरवेगार, सरळ, जोमदार फुटवे निघाले. एक ठिपका नाही, भुरी नाही. मी ते मोठ्या अभिमानाने सर्वांना दाखवले. त्यांना फिकट गुलाबी, बटणाएवढ्या फुलांचे घोस आले तेव्हा मी चष्मा लावून बुंध्याशी वाकलो. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या वरचे सगळे कधीच वाळून गेले होते. फुटवे तिच्या खालून, खुंटातून आलेले होते. पापा गेले होते, आणि ज्या जंगली गुलाबाच्या खांद्यावर त्यांना बसवले होते, तो मी घातलेले हाडांचे चूर्ण खाऊन धष्टपुष्ट झाला होता. नाक लावून पाहिले. काकडीचासुद्धा वास नव्हता.

त्याच आठवड्यात वहिनी वर आल्या, या वेळी रिकाम्या हाताने. घोसांकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, काय सुंदर वाढवलंय हो! एक फांदी द्याल का?" खरे सांगायला मी तोंड उघडले होते, पण चादर आठवली. पाच फांद्या कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. त्या तीन आठवड्यांत लागल्या.

हल्ली दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून रोज सकाळी आवाज येतो, "अहो, पापांना पाणी घातलंत का?" आणि परवा जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मला थांबवून विचारले, "वर कोण आजारी आहे हो?"