दिसला का?

पहाटे साडेचारला उठण्याचं मला काही वाटत नाही. धास्ती वाटते ती 'दिसला का?' या प्रश्नाची.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला निघालो तेव्हा गाडीत तीन पक्ष होते. भाच्याला पक्षी हवे होते, मावशीला देऊळ आणि मला वाटेत चहा. चहाचा पक्ष अल्पमतात गेला. "हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे, 2020 साली मान मिळाला," भाचा म्हणाला. मावशी खूश झाली. "रामसर म्हणजे रामाचंच सर! पंचवटीहून इकडे आंघोळीला येत असणार." रामसर हे इराणमधलं शहर, 1971 साली पाणथळ जागांचा करार तिथे झाला, असं भाच्याने समजावून सांगितलं. मावशी शांतपणे म्हणाली, "गेला असेल तिथेही. चौदा वर्षं होती हातात."

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांची चंगळ झाली. दुसऱ्या एखाद्या धरणात एवढा गाळ साचला असता तर चौकशी लागली असती. इथे 1986 साली अभयारण्य जाहीर झालं.

चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो. गाईड गावातलाच तरुण. त्याने समोरच्या धूसर पाण्याकडे बोट केलं.

"त्या पडलेल्या बाभळीच्या डावीकडे, गवताच्या मागे वारकरी दिसले का?"

मावशीने लगेच हात जोडले. "एवढ्या सकाळी? कुठली दिंडी?"

वारकरी हा पक्षी निघाला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. मावशीला तो दिसला. मग हळदीकुंकू बदक दिसलं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके. "अगं बाई, खरंच लावलंय की!" मावशीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत, हे इथे नमूद करतो.

मला बाभूळच सापडत नव्हती. समोर निदान चार बाभळी होत्या, त्यातली कुठली पडलेली आणि कुठली आळसावलेली? चष्मा लावून दुर्बीण धरली की दोघांची टक्कर व्हायची. चष्मा काढला की गोदावरी नाहीशी व्हायची. शेवटी एक काटेरी, काळं, थरथरणारं झुडूप अगदी स्पष्ट दिसलं. त्या माझ्याच पापण्या होत्या.

"मामा, चक्रवाक! दिसला का?"

आता चक्रवाक बिचारा लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणार, आणि मी त्याला नाही दिसला म्हणणार? एवढा उद्धटपणा माझ्याने होईना.

"दिसला. वा!"

"काय करतोय?"

"पोहतोय."

"काठावर झोपलाय, मामा."

गाईड सज्जन होता. त्याने ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण माझ्यासाठी नेमकी लावून दिली. मी वाकलो, पोटाचा धक्का लागला आणि मला अतिशय सुंदर, झळझळीत आकाश दिसलं. त्यानंतर शेकाट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी असे सगळे मी पटापट पाहून टाकले. खोटं बोलण्यातही सराव लागतो. 'पोहतोय' म्हणायचं नाही, नुसतं 'अहाहा' म्हणायचं.

दुपारी नदीपात्रातल्या जुन्या दगडी देवळांकडे वळलो. रामाने मारीच मृगावर बाण सोडला तो इथूनच, असं मावशी सांगत होती. म्हणजे या जागी भल्याभल्यांची नजर फसलेली आहे. मला बरं वाटलं.

उन्हातून एकदम गाभाऱ्यात शिरल्यावर डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. अंदाजाने वाकलो, अंदाजाने हात जोडले. बाहेर आल्यावर मावशीने विचारलं, "झालं ना नीट दर्शन?"

"अगदी."

इथे कुणी चोचीचा रंग विचारत नाही. मी निवांतपणे चपला पायात सरकवायला लागलो.

"मामा," मागून भाचा आला, "आत छताला वटवाघूळ होतं, दिसलं का?"

"अहाहा," मी म्हणालो.

"एकही नव्हतं," भाचा म्हणाला.