बुद्रुक-खुर्द गळलं की गाव सापडत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत नावांचा वाद पेटलाय. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 ला झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 ला, तरी भांडण संपायचं नाव घेत नाही. नावात जीव अडकलेला असतो हे मलाही कळतं हो, पण ज्या छोट्या गावांच्या नावाबद्दल कुणाचाच वाद नाही ती सरकारी डेटात चुकीची पडून आहेत आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही, याचा मला जास्त त्रास होतो.

चूक होते कशी, तर गावाचं नाव आधी रोमन लिपीत जातं, तिथे ळ आणि ल एकच, ट आणि त एकच, मग कुठलातरी प्रोग्राम ते परत देवनागरीत आणतो आणि माळशिरसचं मालशिरस, जळगावचं जलगांव होऊन बसतं. हे एकवेळ वाचून कळतं तरी, पण बुद्रुक-खुर्द गळलं की खरी पंचाईत. पुण्यात वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे, यादीत नुसतं वडगाव उरलं तर अँब्युलन्सवाल्याने जायचं कुठे? आणि बरोबर नाव सरकारकडेच असतं, सातबाऱ्यावर वरतीच मराठीत लिहिलेलं.

मी राहतो त्या नेदरलँड्समधे सरकारी भूमापन खात्याने, म्हणजे कडास्टरने, नकाशातली चूक कळवायची ऑनलाइन सोय केलीये. कुणीही नकाशावर जागा दाखवून काय चुकलंय ते लिहायचं, ते सगळ्यांना दिसतं, आणि डेटा ज्यांचा आहे ते तपासून उत्तर देतात. अर्थात महाराष्ट्रात सात नेदरलँड्स मावतील, शिवाय वाड्या-वस्त्या वेगळ्याच, त्यामुळे इथलं जसंच्या तसं तिथे चालणार नाही. पण आपल्याकडे माणसं कमी नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर, कितीतरी जण फुकट, रात्री जागून मराठी नावं टाकतायत, प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे दिसतो, जुनं नावही वेगळ्या रकान्यात राहतं. केंद्र सरकारने 2017 ला ओपन डेटाचं लायसन्स, म्हणजे सरकारी डेटा कुणालाही वापरायची परवानगी, आणलं, फेब्रुवारी 2021 ला नकाशांचे नियम सैल केले, ते चांगलंच झालं. डेटा बाहेर यायला लागला, पण दुरुस्ती परत आत जायला सरळ रस्ता मला तरी दिसत नाही.

ग्रुपवर एक काका म्हणाले, तू तिकडे बसून आमच्या गावांची नावं ठरवणार का? त्यांचं बरोबर आहे. सॅटेलाइटच्या फोटोत घरं दिसतात, नाव दिसत नाही, ते तिथल्याच माणसाला विचारावं लागतं. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्याने डिसेंबर 2020 मधे घेतला, तिथे तर बाहेरच्याने हात लावूच नये, वस्तीने जे नाव घेतलं तेच नकाशावर यायला हवं.

दुसरी भीती अशी की कुणीही काहीही टाकेल. म्हणून तर दुरुस्ती थेट नकाशात नको, आधी तलाठ्याकडे जाऊदे, त्याने दप्तर बघून हो किंवा नाही म्हणावं आणि नाही म्हटलं तर का ते लिहावं. सुरुवात एकाच तालुक्यात करा, बुद्रुक-खुर्दच्या जोड्या आधी घ्या.