'स्टार ट्रेक'चे पहिले भाग वगळू नका

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने यादी टाकली. मूळ 'स्टार ट्रेक'चे, म्हणजे 'एंटरप्राइझ' या अंतराळयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा अर्धा परग्रही, भावना दाबून ठेवणारा अधिकारी स्पॉक यांच्या मालिकेचे, कोणते भाग बघायचे आणि कोणते सरळ वगळायचे त्याची. वगळायच्या रकान्यात पहिलंच नाव 'द मॅन ट्रॅप'. दहापैकी तीन गुण. पुढे शेरा: 'रबरी राक्षस, वेळ फुकट.' आणि खाली अंगठ्यांची रांग. त्यातल्या निम्म्यांनी हा भाग पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगते.

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर दोन ओळींत भांडण झालं असतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

सध्या मी आणि लेक मिळून ही मालिका पहिल्यापासून बघतोय. रात्रीची जेवणं आटोपली की एक भाग, ज्या क्रमाने अमेरिकेत दाखवले त्याच क्रमाने, आणि संपला की दोघींनी वहीत आपापले गुण लिहायचे. एकमेकींचे गुण आधी बघायचे नाहीत. 'मॅन ट्रॅप'ला मी आठ दिले, तिने सात. हा ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवलेला सगळ्यात पहिला भाग. तयार झालेला पहिला नव्हे. 'द कॉर्बोमाइट मनूव्हर' हा भाग आधी झाला होता, पण वाहिनीला सुरुवातीला राक्षस हवा होता.

गोष्ट अगदी साधी आहे. एका ओसाड ग्रहावर एक संशोधक आणि त्याची बायको राहतात. बायको केव्हाच मेली आहे आणि तिच्या रूपात वावरतंय ते त्या ग्रहावरचं शेवटचं जनावर. त्याला जगायला मीठ लागतं. मीठ मिळेना म्हणून ते माणसांच्या अंगातलं शोषून घेतं आणि माणसं मरतात. ज्याला जे रूप आवडेल ते रूप घेतं. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयला त्यात त्याची जुनी प्रेयसी दिसते, तीही तरुणपणची. शेवटी कर्क मुठीत मीठ घेऊन त्या जनावरासमोर उभा राहतो, आमिष म्हणून. आणि मॅकॉयला त्याच प्रेयसीच्या रूपावर गोळी झाडावी लागते.

हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, शेजारच्या काकांकडे, आणि सगळा वाडा त्यांच्या पुढच्या खोलीत. इंग्रजी कुणालाच धड कळायचं नाही. काका मधूनमधून सांगायचे, पण तेही अर्धं अंदाजानेच. माझी आजी भिंतीला टेकून बसायची. ती माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडीवर पोरं जगवलेली. कर्कने मीठ पुढे धरलं, त्या जनावराची नजर मिठावरून हलेना, आणि आजी मोठ्याने म्हणाली, "अरं, दावतुयास काय नुसतं? दे की त्याला!"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले असेन, लहान होते. पण मग गोळी लागली, ते खाली पडलं, त्याचा खरा चेहरा दिसला आणि आजी उठून बाहेर गेली. त्या दिवशी दुपारी जेवताना कुणाशी बोलली नाही.

आता मला सांगा, कुणाला राक्षस रबरी दिसला? भाषेचा एक शब्द न कळणाऱ्या बाईला त्या पोशाखाच्या आतली भूक दिसली. तुम्हाला सबटायटल्स असून दिसत नाही?

बरं, पोशाख भंगार आहे. मान्य. ग्रहांचे खडक रंगवलेले आहेत आणि आभाळ दर भागात एखाद्या दुकानाच्या भिंतीसारखं सपाट जांभळं नाहीतर लाल दिसतं, हेही मान्य. पण यानातून ग्रहावर माणसं एका क्षणात उतरतात ती कल्पना कुठून आली माहीत आहे का? दर आठवड्याला एवढं मोठं यान जमिनीवर उतरवून दाखवायचा खर्च परवडत नव्हता म्हणून. पैसे नव्हते, म्हणून डोकं चालवलं. आज पैसे आहेत. पुढचं तुम्हीच बघा.

दुसरा भाग 'चार्ली एक्स'. हाही त्या यादीत 'वगळा'मध्ये आहे, आणि तिथे माझं डोकं खरोखर फिरलं. सतरा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांचा असल्यापासून एका निर्जन ग्रहावर वाढलेला. माणूस म्हणून कुणी पाहिलेला नाही. हवं ते मनाने घडवायची, नको त्याला नाहीसं करायची ताकद त्याला तिथल्या अदृश्य लोकांनी दिली, केवळ तो जगावा म्हणून. माणसांत कसं वागायचं हे मात्र कुणी शिकवलं नाही. यानावर तो हाहाकार माजवतो, लोकांना गायब करतो, त्याचा राग यावा असंच सगळं करतो. आणि शेवटी ते लोक त्याला परत न्यायला येतात तेव्हा तो गयावया करतो. ते प्रेम करत नाहीत, त्यांना हातही लावता येत नाही, म्हणतो. मला इथेच राहू द्या, राहू द्या. बोलता बोलता विरून जातो. यानाच्या पुलावर, म्हणजे जिथून यान चालवतात त्या दालनात, कुणी एक शब्द बोलत नाही.

लेकीने या भागाला नऊ दिले आणि म्हणाली, "आई, त्याला ठेवून घेणं शक्यच नव्हतं ना गं?" नव्हतंच. कर्क त्याच्या बाजूने बोलतो, तरी शक्य नव्हतं. पण त्याला धाडून दिल्याचा आनंद ही मालिका कुणाला घेऊ देत नाही. पुन्हा तीच आजीची गोष्ट. समोरचा जीव घेतोय हे खरं, आणि तो काहीतरी मागतोय हेही खरं. हे डी. सी. फाँटाना या बाईंनी लिहिलेलं आहे. ही मालिका फक्त पुरुषांनी घडवली असं समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

'द नेकेड टाइम'ला माझे नऊ. संसर्गाने माणसांचा ताबा सुटतो आणि आत दाबलेलं बाहेर येतं. यान चालवणारा सुलू उघड्या अंगाने तलवार घेऊन फिरतो ते सगळ्यांना आठवतं. मला आठवतो तो स्पॉक. एका खोलीत दार लावून बसतो, स्वतःला सावरायला आकडे म्हणत राहतो, आणि रडतो. आईवर प्रेम आहे हे तिला कधी सांगता आलं नाही, म्हणून रडतो. आपल्याकडच्या किती पुरुषांना हे दृश्य सक्तीने दाखवायला हवं, सांगा. माझ्या वडिलांनाही दाखवलं असतं.

'मड्स विमेन'ला तीन. त्या यादीशी माझं जमलं ते एवढ्या एकाच ठिकाणी. एकट्या खाणकामगारांना बायका म्हणून पुरवायच्या बाया, रूपासाठी गोळ्या घेणाऱ्या. शेवटी आत्मविश्वासाची मलमपट्टी करतात, ती मला पटली नाही.

आणि 'द एनिमी विदिन'. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हा भाग यादीत 'आवर्जून बघा'मध्ये आहे. यंत्राच्या बिघाडाने कर्कचे दोन कर्क होतात, एक सौम्य, एक हिंस्र. सौम्य कर्कला निर्णयच घेता येत नाहीत, म्हणजे आतला हिंस्रपणाही नेतृत्वाला लागतो, असं सगळं. कल्पना जबरदस्त आहे, रिचर्ड मॅथिसनने लिहिलंय, कर्क झालेला शॅटनर जीव तोडून काम करतो, खाली ग्रहावर सुलू आणि बाकीचे थंडीने मरायला टेकलेत तो ताण उत्तम. पण तो हिंस्र कर्क यानावरच्या जॅनिस रँडवर हल्ला करतो. तिला आपल्याच कप्तानाविरुद्ध, त्याच्याच समोर, घडलं ते सांगावं लागतं. आणि सगळं संपल्यावर शेवटच्या मिनिटाला स्पॉक तिला मिस्कीलपणे विचारतो की त्या तोतयात काही वेधक गुण होते, नाही का?

लेकीने तिथे चित्र थांबवलं. रिमोट खाली ठेवला. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मग तिने वहीत आधी लिहिलेला आकडा खोडला आणि चार लिहिला. मी सहा दिले, ते शॅटनरचे आणि थंडीचे. 'त्या काळी असंच होतं' असं मला कुणी खाली कमेंटमध्ये लिहू नये. त्याच काळात, त्याच मालिकेत, त्याच महिन्यात लोक उपाशी जनावराबद्दल हळहळत होते. जमत होतं त्यांना. इथे जमवलं नाही.

यादी करणाऱ्याला रबर खुपलं आणि हे वाक्य खुपलं नाही. राग येतो तो याचा.

असो. 'मिरी' वगैरेवर रेंगाळत नाही. 'द कॉर्बोमाइट मनूव्हर'ला मात्र नऊ, मनापासून. एक प्रचंड गोल यान एंटरप्राइझला अडवतं, दहा मिनिटांत तुम्हाला नष्ट करतो म्हणतं. कर्ककडे शस्त्र चालण्याजोगं नाही, म्हणून तो बिनधास्त थाप मारतो की आमच्या यानात कॉर्बोमाइट आहे, मारलंत तर तुम्हीही मराल. थाप चालते. नंतर त्या परक्याचं यान संकटात सापडल्यासारखं दिसतं आणि कर्क पळून न जाता मदतीला जातो. तिथे भेटतो तो एक बुटका, एकटा, हसरा जीव. पडद्यावर दिसलेला भयानक चेहरा नुसता बाहुला होता. तो बसा म्हणतो, प्यायला देतो. पाहुण्याला आधी पेलाभर काहीतरी. हा भाग आजीने पाहिला असता तर ती उठून गेली नसती.

दहापैकी दहा फक्त एकाला दिले आहेत, 'बॅलन्स ऑफ टेरर', १५ डिसेंबर १९६६. दोन याने, पाणबुड्यांसारखी, एकमेकांच्या मागावर. शंभर वर्षांपूर्वी रोम्युलन नावाच्या परग्रहवासीयांशी युद्ध झालेलं, पण त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. मग पहिल्यांदा पडद्यावर चेहरा दिसतो आणि तो असतो स्पॉकसारखा. तेच टोकदार कान, त्याच भुवया. त्या क्षणी पुलावरचा स्टाइल्स नावाचा अधिकारी वळून स्पॉककडे बघतो, आणि पुढे पूर्ण भागभर त्याच्याशी संशयाने वागतो. कर्क त्याला सुनावतो की हा द्वेष आपल्या खोलीत ठेवून ये, इथे त्याला जागा नाही.

आता त्या दृश्यात स्टाइल्सच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघा. सुलू. म्हणजे ते काम करणारा नट जॉर्ज टाकेई. हा माणूस लहान असताना त्याच्या सगळ्या कुटुंबाला अमेरिकेच्या सरकारने काटेरी तारांच्या छावणीत टाकलं होतं. आधी घोड्यांच्या तबेल्यात, मग आर्कान्सॉमध्ये. गुन्हा एवढाच की चेहरा शत्रूसारखा, जपानी. त्या सेटवर तो हे संवाद ऐकत बसलेला आहे, चेहऱ्यावर काही न दाखवता. मला हे कळल्यापासून तो भाग साधेपणाने बघता येत नाही. आपण आपल्या आजूबाजूला रोज कुणाच्या चेहऱ्याकडे वळून बघतो, हे माझ्या मित्रयादीतल्या लोकांना सांगायला नको.

आणि तो रोम्युलन सेनापती! थकलेला, युद्धाला कंटाळलेला, कर्तव्याने बांधलेला. मरताना कर्कला म्हणतो की वेगळ्या जगात मी तुला मित्र म्हटलं असतं. त्या भागाची सुरुवात यानावरच्या लग्नाने होते आणि शेवटी नवरामुलगा गेलेला असतो. लेक उशीत तोंड खुपसून बसली होती. गुण तिने दुसऱ्या दिवशी लिहिले.

तर माझं म्हणणं हे आहे. 'मॅन ट्रॅप' वगळलात तर पुढे काय घडत गेलं ते तुम्हाला कळणारच नाही. पहिल्या भागात ते भुकेल्या जनावराला मारतात आणि शेवटी कर्क पुलावर बसून मालिकेच्या काळापर्यंत नामशेष झालेल्या गव्यांचा, अमेरिकेतल्या त्या बफेलोंचा विचार करतो. बस, एक विचार. त्यापलीकडे काही करायला त्यांना अजून सुचलेलं नाही. आणि त्याच मोसमात, मार्च १९६७ मध्ये, येतो 'द डेव्हिल इन द डार्क'. खाणीत एक खडकासारखा प्राणी माणसं मारतोय. पन्नासेक माणसं गेलीत. या प्राण्याचा पोशाखही रबरीच, जमिनीवर सरपटणारी गोधडी म्हणा हवं तर. पण या वेळी कर्कचा हात बंदुकीवरून मागे येतो. स्पॉक त्या प्राण्याला हात लावतो आणि वेदनेने ओरडतो, त्याची वेदना याच्या तोंडून बाहेर पडते. मग कळतं की ती आई आहे. खाणकामगार चकचकीत गोळे म्हणून जे फोडत होते ती तिची अंडी होती. मॅकॉय तिच्या जखमेला काँक्रीट लिंपतो. खाणकामगार आणि ती समझोता करतात. ती बोगदे खणेल, ते पिल्लांना हात लावणार नाहीत.

"दे की त्याला" म्हणाली होती आजी. सहा महिन्यांत त्यांनी दिलं. हे एका मोसमात घडलेलं शिकणं आहे आणि ते बघायचं तर शिकायच्या आधीचं बघावंच लागतं. पुढचे दोन मोसम धरून एकूण ७९ भाग झाले, त्यातले बरेच सुमार आहेत, तिसऱ्या मोसमातले तर मीही पुढे ढकलेन. पण हे पहिले नाहीत.

'द डेव्हिल इन द डार्क' आमच्या क्रमात अजून यायचा आहे, मी आधी पाहिलेला आहे. लेकीला काही सांगितलेलं नाही. तुम्हीही खाली सांगू नका, ती इथे वाचते आणि हे शेवटचे परिच्छेद मी तिला वगळायला सांगणार आहे. उद्या 'अरीना'. त्यात सरड्याच्या तोंडाचा गॉर्न आहे, झिप दिसेल असा पोशाख घातलेला, आणि त्या यादीत त्याला दोन गुण आहेत. यादीवाल्याने शेवटची पाच मिनिटं पुन्हा बघावीत. गॉर्न जमिनीवर पडलाय, कर्कच्या हातात धारदार दगड आहे, आणि तो मारत नाही. कदाचित तो स्वतःचं रक्षण करत असेल, म्हणतो. मग कळवा किती गुण.