टेबल कुठलं घेऊ, मामा?

आज दुपारी दुकानात डबा उघडला आणि तेवढ्यात भाच्याचं व्हॉट्सॲप आलं. पुण्यातल्या एका भल्यामोठ्या नाइटक्लबचा नकाशा. मधोमध डान्स फ्लोअर, एका टोकाला डीजेचा कन्सोल, आजूबाजूला लाल, पिवळे, निळे चौकोन. लाल टेबल ८० हजार, पिवळं ५०, निळं ३०. खाली एक ओळ : "मामा, मित्राचा बड्डे आहे, आम्ही नऊ जण. टेबल कुठलं घेऊ? तुम्ही जाऊन आलाव म्हणून विचारलालो."

तुम्ही जाऊन आलाव म्हणून! घास तिथंच अडकला.

माझा लातूरला खत-बियाणाचा धंदा. कुठलाही आकडा दिसला की डोक्यात आपोआप त्याचे क्विंटल होतात, खोड आहे. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. म्हणजे लाल टेबल झालं पंधरा क्विंटलचं. आमच्याकडं बऱ्या साली दोन एकरांची रास. आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यानं काय केलं ते तुम्हाला मी सांगावं का? उधारीच्या वहीत माझ्यासमोर बसलेली माणसं आहेत, त्यांना मी "पुढल्या हंगामात बघू" म्हणतोय, आणि इकडं हे चौकोन. पोरगं २३ वर्षांचं. नोकरी लागून आठ महिने झालेत.

फोन केला. पहिलं हेच बोललो की बाबा, महाराष्ट्रात कडक दारू पंचविशीच्या आत देता येत नाही, बिअर-वाइनला २१. तुमच्या नऊ जणांत पंचविशी ओलांडलेले किती? म्हणाला दोन. म्हणजे सात जण त्या बाटलीकडं बघत बसणार, आणि पैसे नऊ जणांचे. "मामा, तिथं कोण बघतंय!" बघतात रे. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला तो पोर्शे गाडीचा अपघात झाला, तेव्हापासून आधार कार्ड मागतात दारात. आणि नसतील बघत तर तो काय अभिमानानं सांगायचा मुद्दा आहे?

असो. मी गेलो होतो हे खरं आहे. लपवून काय करायचं, फोटो तेव्हा इथंच टाकले होते, शंभरावर लाइक तुम्हीच दिलेत.

२०२४ ची गोष्ट. दहावीच्या बॅचमधले आम्ही आठ जण, सगळ्यांची चाळिशी झाली म्हणून पुण्याला गेलो. आठ बापे. बाईमाणूस सोबत नाही म्हटल्यावर अशा ठिकाणी दारातच अडवतात, त्याला ते 'स्टॅग' म्हणतात. फोनवरचा पोरगा म्हणाला, सर, स्टॅग एंट्री बंद आहे, पण व्हीआयपी टेबल घेतलं तर आठही जण आत. हे आधी समजून घ्या. टेबल म्हणजे बसायची जागा नव्हेच, ते आत जायचं तिकीट आहे. मिनिमम स्पेंड ६० हजार. म्हणजे तेवढ्याचं खायचं-प्यायचं. कमी झालं तरी ६० द्यायचे, जास्त झालं तर जास्त. "सगळं त्यातच ना?" विचारलं. "सगळं त्यातच सर."

आणि आमच्यात होता अण्णा. आडनाव-गाव सांगत नाही, बॅचवाल्यांना कळलंच असेल. माळकरी माणूस. वडील गेल्यापासून चार एकर शेती एकटा बघतो. तो यायला तयारच नव्हता. आम्हीच ओढून नेला, "तू पिऊ नको, बस नुसता" म्हणून.

आता खरं सांगतो आपल्याकडं टेबल कसं निवडतात ते. औसा रोड घ्या नाहीतर बार्शी रोड, गार्डन हॉटेलात शिरलं की आपली नजर कुठं जाते? मेंदीच्या कुंपणामागं, कोपऱ्यात, जिथं ट्यूबलाइट बंद पडलीय तिथं. रस्त्यावरून गाडी दिसू नये. येणारा माणूस आपल्याला आधी दिसावा, त्याला आपण नाही. सासरवाडीचं कुणी आलं तर मागनं किचनमधून सटकता यावं. चाळीस वर्षांचा गडी, स्वतःच्या पैशानं पितोय, पण टेबल निवडायचं ते कुणाला दिसू नये म्हणून. ह्या एका विषयात लातूरकराइतका जाणकार कुणी नाही, पैज लावतो.

आणि तिथं? तिथं ६० हजार कशाचे तर दिसण्याचे. सगळ्या गर्दीला तुम्ही दिसावं, बाटली आली की तिच्या मानेत फुलबाजी पेटवून चार पोरं नाचत आणतात, सगळा हॉल तुमच्याकडं वळून बघतो. दारूचे नाहीत ते पैसे. दुकानात साडेतीन हजाराला मिळणारी बाटली आम्हाला १६ हजाराला पडली, तशा तीन. मधला फरक आहे तो वळलेल्या मानांचा.

आपल्याला हे नवीन आहे असंही नाही म्हणा. लग्नात पहिल्या रांगेला पांढऱ्या खोळीचे सोफे कुणासाठी असतात? जम्बो कूलरचं तोंड कुणाकडं? मुहूर्त टळून तास झाला तरी अक्षता हातात घेऊन, घाम पुसत उभी असतात ती नवरीची मावशी-काकू, आणि सोफे रिकामे. साहेब निघालेत म्हणे. तिथं निदान पैसे तरी लागत नाहीत, एवढंच.

भाच्याला म्हटलं, लाल टेबल का? तर म्हणे डीजेच्या जवळ. अगदी हेच मी म्हणालो होतो.

हो, ते टेबल मी निवडलं होतं. बाकीचे म्हणत होते वरच्या माळ्यावरचं घेऊ, स्वस्त पण होतं. मीच म्हणालो, एवढ्या लांब आलोय तर पुढं बसू, फोटो चांगले येतील.

पुढं म्हणजे काय, ते बसल्यावर कळलं. कन्सोलच्या बाजूला माणसाच्या उंचीचा स्पीकर. त्याचा बास कानात जातच नाही, थेट बरगडीत लागतो. ग्लासातलं पाणी थरथरतंय. बॅचवाले दहा-बारा वर्षांनी भेटलेले, आणि एकमेकांना फोनवर टाइप करून विचारतोय, 'तुझी पोरगी कितवीला?' सोफा आठ जणांचा म्हणून सांगितलेला, बसले सहा. नाचणारी गर्दी सरकत सरकत टेबलावर आलेली. अण्णा कोपऱ्यात उभा. जांभळ्या लाइटमध्ये त्याचा पांढरा सदरा नीळ टाकल्यासारखा उजळलेला, आत माळ. आमचे सगळ्यांचे फोन, पाकिटं, एकाचं जाकीट त्याच्या हातात. देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवतात ना एकाला, तसा. मधूनच एका कानावर तळहात ठेवायचा, कुणी बघितलं की काढायचा. लाज वाटू नये म्हणून. त्याला नाही, आम्हाला.

ते मी बघत होतो. बघत होतो आणि नाचत होतो.

मग बिल. दारू ४८ हजार, पाणी-सोडा-चकणा १२ हजार, झाले ६०. बरं. त्यावर दारूला दहा टक्के व्हॅट, ४,८००. दारूला जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि बार-परमिट रूमचा तो २०२३ च्या नोव्हेंबरात पाचाचा दहा केलाय. खाण्याला पाच टक्के जीएसटी, ६००. आणि सर्व्हिस चार्ज दहा टक्के, ६,०००. एकूण ७१,४००. "सगळं त्यातच सर" वाला पोरगा फोन उचलेना. सर्व्हिस चार्ज सक्तीनं लावता येत नाही, असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैतच सांगितलेलं, दिल्ली हायकोर्टानंही २०२५ च्या मार्चमध्ये तेच म्हटलं. आम्हाला तेव्हा कुठलं ठाऊक. आणि ठाऊक असतं तरी रात्री दीडला, सगळे लाइट लागलेत, बाउन्सर 'चला चला' करतोय, मागं आठ जणांची अब्रू, अशात कोण वाद घालतो? दीडला बंद होतं पुण्यात, हेही लक्षात ठेवा. अकराला आत गेलात तर तुमचे हजारो रुपये अडीच तासांचे.

पाण्याचं तर बोलूच नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही, एका बाटलीचे दोनशे रुपये बघून डोळे पांढरे झाले.

७१,४०० भागिले आठ. ८,९२५. समसमान, गणपतीच्या वर्गणीसारखं. अण्णानं घेतलं काय होतं? दोन लिंबू सोडा आणि मसाला शेंगदाणे. कुणीतरी म्हणालं, अण्णाचं राहू द्या. अण्णा म्हणाला, "राहू द्या कशाला? बसलो ना मी बी." त्या साली हमीभाव ४,८९२, आणि बाजारात तोही कुणी देत नव्हतं. पावणेदोन क्विंटलच्या वर गेलं त्याचं, उभं राहून फोन सांभाळायचं.

मी नको म्हणालो का? नाही म्हणालो. हिशेब बरोबर होता ना.

कुणीतरी लगेच लिहील, आजच्या पोरांनी कमावलं तर त्यांनी उडवावं, तुमच्या पोटात का दुखतं? उडवा. एक गोष्ट मात्र मीही मानतो. भाची म्हणाली, "मामा, मुली असल्या की टेबल बरं पडतं. पर्स, ग्लास नजरेसमोर राहतो, दमल्यावर बसता येतं, कुणी येऊन चिकटत नाही." बरोबर आहे तिचं. हे आम्हा आठ बाप्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तेवढ्यापुरतं टेबलाला माझी ना नाही.

पण मग ते निवडा तरी नीट. नकाशात कन्सोल बघू नका, दार बघा. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली, १४ जण गेले, कितीतरी जण बाथरूमकडं पळालेले. २०२५ च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याच्या क्लबात २५ गेले, त्यात बहुतेक तिथं काम करणारी पोरं. टेबलावर बसलेली नव्हेत, टेबलावर आणून देणारी. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या बाटलीतली फुलबाजी आठवली. वरती छताला थर्माकोल का काय ते लावलेलं, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. आपल्या गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, त्या क्लबातून बाहेर पडायला मला एकच दिसला, आणि तोही आमच्या लाल चौकोनापासून सगळ्यात लांब. मधे पाचशे माणूस.

संध्याकाळपर्यंत राग जरा उतरला. भाचा वाईट नाही, पैसे खर्च करण्याआधी विचारलं तरी त्यानं. मी कुणाला विचारलं होतं? त्याला लिहिलं : वरच्या माळ्यावरचं निळं घे, जिन्याजवळचं. वरून सगळं दिसतं, बोलता येतं, जिना पायाशी. नऊ जणांना खरोखर नऊ जागा आहेत का ते विचार, सोफ्याचा फोटो माग. मिनिमममध्ये टॅक्स धरलाय का ते व्हॉट्सॲपवर लिहून घे, फोनवरचं 'सगळं त्यातच' चालत नाही. ॲडव्हान्स क्लबच्या खात्यात भर, मधल्या पोराच्या नाही. आणि न पिणाऱ्यांचा हिशेब जायच्या आधी वेगळा कर, तिथं बसून नाही. तिथं कुणी तोंड उघडत नाही.

त्याचं उत्तर आलं, 'ओके मामा', आणि एक हसणारं तोंड. ऐकलं की नाही देव जाणे.

हे लिहायला घेतलं आणि मधेच अण्णाला फोन लावला. त्याचा विषय आहे, न विचारता कसं टाकायचं. तो मळणीयंत्राशेजारी उभा होता, ओरडून बोलावं लागलं, तसंच, त्या रात्रीसारखं. म्हणाला, त्या क्लबचा कागदी पट्टा मनगटावरून निघेना म्हणून तसाच घरी गेलतो. पोरीनं सकाळी बघितला आणि घाबरून विचारलं, "बाबा, दवाखान्यात होता का?" मला हे दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्यानं.

मी गप्प झालो. मग विचारलं, लिहू का हे?

"लिही की. पण नऊ हजार लिहू नको, आठ हजार नऊशे पंचवीसच लिही. वरचे पंचवीस मी सुट्टे दिलते."