पट्टे, वळ आणि ‘श्रद्धेचा धंदा’: स्ट्रायपरवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘स्ट्रायपर’ या अमेरिकन ख्रिस्ती मेटल (म्हणजे कडक, गिटारप्रधान रॉक) बँडवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिच्यात राग आहे, पण अभ्यासही आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते स्ट्रायपरने श्रद्धेचा धंदा केला. चलती होती तोवर मंचावरून बायबलं फेकली, बाजार फिरल्यावर १९९० मध्ये देव गुंडाळून ठेवला आणि २०१८ मध्ये ‘गॉड डॅम ईव्हिल’ असं शिवीसारखं नाव अल्बमला देऊन फुकटची प्रसिद्धी मिळवली. शिवाय ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या अल्बमवर बास गिटार टिम गेन्सने वाजवल्याचं मी लिहिलं, तेही चूक.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. फोटोत गेन्स आहे, पण त्या रेकॉर्डिंगवर बास ब्रॅड कॉबचा आहे. मी फोटोवर विसंबलो.

आता धंदा. १९८३-८४ च्या लॉस एंजेलिसच्या आसपास, ऑरेंज काउंटीतली ही चार पोरं, रॉक्स रेजीम या नावाने वाजवत होती. गायक मायकेल आणि ड्रमर रॉबर्ट स्वीट हे भाऊ, गिटारवर ऑझ फॉक्स, बासवर गेन्स. त्या क्लबांत चालत होतं ते दारू, पोरी आणि सैतानाची चित्रं. धंदाच करायचा तर तिथे येशूचं नाव घेणं हा सगळ्यात वाईट सौदा होता. मेटलवाले हसले. आणि चर्चवाले? स्वीट कुटुंब १९७५ मध्ये ज्या टीव्हीवरच्या प्रचारकाचं ऐकून श्रद्धेकडे वळलं, त्या जिमी स्वॅगर्टनेच पुढे त्यांच्यावर जाहीर टीका केली. ज्याच्यामुळे आपण देवाच्या दारात आलो त्यानेच दार लावून घ्यावं, हे सोसून मायकेल गात राहिला. मला इथे धंदा दिसत नाही.

हे मी लांबून बोलत नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या हातातली कॉपी केलेली कॅसेट पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हे सैतानाचं संगीत घरात ठेवू नकोस.” कव्हरवर मित्राने स्केचपेनने पिवळे-काळे पट्टे काढले होते. मी सतरा वर्षांचा होतो, रडलो होतो. ज्या जिल्ह्यात रेव्हरंड टिळकांनी येशूसाठी अभंग लिहिले, त्याच जिल्ह्यात हे ऐकावं लागलं याचं अजून वाईट वाटतं. टिळकांना इथल्या माणसांच्या कानाला ओळखीचा साज हवा होता. स्ट्रायपरच्या गावच्या पोरांच्या कानाला ओळखीची होती ती गिटार.

त्यांच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या पोशाखाला तुम्ही सर्कशीतले कपडे म्हणता. त्यामागे यशयाच्या ५३ व्या अध्यायातलं पाचवं वचन आहे. आपल्या बायबलात तिथे ‘फटके’ येतात. जुन्या इंग्रजी भाषांतरात ‘स्ट्राइप्स’ हा जो शब्द आहे त्याचा अर्थ चाबकाने अंगावर उठलेले वळ असाही होतो आणि पट्टे असाही. मराठीत हा दुहेरी अर्थ निसटतो, म्हणून आपल्याला फक्त रंग दिसतात. बँडचं नावही त्याच शब्दावरून पडलं. नव्या कराराच्या ज्या प्रती ते गर्दीत टाकत, त्यांवर त्यांच्या बोधचिन्हाचे स्टिकर असत. घरी नेऊन त्या किती जणांनी उघडल्या असतील देव जाणे, पण मेटलच्या मैफलीतून खिशात नवा करार घेऊन परतणारा पोरगा डोळ्यांसमोर आणून पाहा.

१९९० बद्दल मात्र मी त्यांची वकिली करणार नाही. ‘अगेन्स्ट द लॉ’ या अल्बममध्ये पट्टे गेले, गाण्यांतून देवाचं नाव गेलं. त्या दिवसांत आपण दारू पीत होतो, हे मायकेलने पुढे स्वतः कबूल केलं. ते घसरले, आणि मला ते लागलं. पण तुमचा हिशोब इथेच चुकतो. पैसा आला होता तो देवाचं नाव घेताना: १९८६ चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ अमेरिकेत दहा लाख प्रतींवर गेला, त्यातलं ‘ऑनेस्टली’ हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन गाण्यांच्या क्रमवारीच्या मुख्य यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढलं. नाव टाकल्यावरचा अल्बम त्याच्या जवळपासही पोचला नाही. १९९२ मध्ये मायकेल बाहेर पडला, आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये क्रॅनबेरीच्या शेतीत काम करत होता. २००३ मध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा पट्टे परत आले आणि येशूचं नावही. या वेळी ते कोणाच्या भीतीने किंवा मोहाने झाकलं नाही.

२०१८ च्या ‘गॉड डॅम ईव्हिल’ या नावाचं म्हणाल तर पहिल्या शब्दानंतर, ‘गॉड’नंतर, स्वल्पविराम घालून वाचा: ‘देवा, दुष्टाईचं निर्दालन कर.’ ती प्रार्थना आहे. वॉलमार्टने तो अल्बम दुकानात ठेवायला नकार दिला. प्रसिद्धी मिळाली असेल, पण अमेरिकेतलं सगळ्यात मोठं दुकान गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑझ फॉक्स लास व्हेगासमध्ये वाजवता वाजवता मंचावर कोसळला, मेंदूत गाठ निघाली. तरीही २०२० च्या अल्बमवर त्याची गिटार आहे.

तुम्ही हे संगीतच नाही असंही लिहिलंत. एक विनंती करतो. ‘ऑनेस्टली’ नको, ते गोड आहे. ‘सोल्जर्स अंडर कमांड’ हे गाणं लावा, हेडफोन घालून. मायकेल आणि ऑझ एकच सुरावट दोन वेगळ्या स्वरांवरून बरोबरीने नेतात, जुगलबंदीसारखं एकमेकांवर कुरघोडी न करता; दिंडीत दोघे टाळकरी एका पावलावर चालावेत तसे. मग एखादी मैफल पाहा. रॉबर्टने ड्रम्स आडवे लावलेले असतात, प्रेक्षकांकडे त्याची कूस येते, आणि एरवी झांजांमागे लपणारे ड्रमरचे हात तुम्हाला पूर्ण दिसतात. तेवढं पाहून पुन्हा लिहा, मी वाट पाहीन.

मूळ लेखात बासवादकाचं नाव आजच दुरुस्त केलं आहे.